मधलं मशीन

३ सप्टेंबर, मंगळवार

पोहोचलो एकदाचा. ही वही ताईने दिली. नव्या जागी गेलास की रोजचं रोज लिहीत जा, तुझ्या डोक्यात काही टिकत नाही, असं बजावून. पहिल्या पानावर तिनेच माझं नाव घातलं आणि खाली ‘हरवल्यास परत करावी’ असंही लिहिलं. मी सेहेचाळीस वर्षांचा बाप्या आहे हे तिला कोण सांगणार? आई गेली तेव्हा मी सहाचा होतो आणि ताई सतराची. तिच्या लेखी माझं वय त्यानंतर पुढे सरकलेलं नाही.

जागा मात्र झकास. टेकडीच्या अंगावर दुमजली लांबट इमारत, पुढे फरसबंद अंगण, त्यात सहा बाकं. आजारातून उठलेल्या आणि एकटं राहणं न जमणाऱ्या माणसांचं हे निवासघर आहे. चाळीसेक माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची. माझं काम काय, तर इथल्या थोरल्या सिस्टरच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, शब्दांत ‘ज्याला ज्याला वायर आहे ते सगळं’. कारखान्यात अठरा वर्षं हेच केलं. तो बंद पडल्यावर आठ महिने घरात बसून ताईचं डोकं खाल्लं. तेव्हा ही नोकरी म्हणजे आंधळा मागतो एक डोळा.

मला खोली मिळाली आहे. खाट, टेबल, भिंतीत कपाट. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. आणखी काय हवं?

४ सप्टेंबर, बुधवार

व्यवस्थापकांनी सगळं फिरवून दाखवलं. काटेकोर माणूस, बोलताना सारखा चष्म्याची काडी चावतो. माझ्या आधीचा तंत्रज्ञ एके सकाळी चाव्या टेबलावर ठेवून निघून गेला म्हणे, राजीनामा नाही, काही नाही. हल्लीच्या माणसांचं असंच, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शक्य तितका जुन्या काळातला चेहरा केला.

तळमजल्यावर भेटीची खोली आहे. तिथे तीन संगणक, तिन्हींवर विंडोजऐवजी लिनक्स. एक खिडकीपाशी, एक भिंतीपाशी, एक मधे. इथली माणसं त्यावर आपल्या लोकांशी बोलतात, समोरासमोर चेहरा बघून. म्हाताऱ्या बोटांना बटणं जमत नाहीत म्हणून मशीन अशी लावून ठेवली आहेत की बाहेरून कोणी लिंक दाबली की ब्राउझरमध्ये चेहरा आपोआप उघडतो. सगळ्यांचा ओढा मधल्या मशीनकडे, कारण त्याचा पडदा मोठा. आणि नेमकं तेच हँग होतं.

व्यवस्थापक म्हणाले, हे एवढं एक सुधारा, बाकी सगळं ठीक आहे.

८ सप्टेंबर, रविवार

माझा फोन जुना, त्यावर चेहरे टिकलीएवढे दिसतात. म्हणून ताईला मधल्या मशीनची लिंक पाठवली होती. दहाच्या ठोक्याला हजर. हातात चहाचा कप, मागे भाऊजी वर्तमानपत्राआड. मी बारीक झालोय, माझी उशी जाड आहे का, व्यवस्थापकाला मुलंबाळं किती, सगळं एका दमात. तेवढ्यात मशीन हँग झालं. ताई तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, अशी थिजली. ताईचं बोलणं थांबलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. हसू आलं. अकरा सेकंदांनी ती होती त्या शब्दापासून पुढे सुरू. तू मधेच गोठलीस म्हटलं, तर म्हणाली, मी कशाला गोठतेय, तूच ऐकत नव्हतास.

११ सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस मधल्या मशीनमागे आहे. ब्राउझरच्या जोडण्या एकेक काढून पाहिल्या. नवं खातं उघडलं. चित्राचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकायची सोय बंद केली. असल्या दुखण्यात दहातल्या सात वेळा तीच गुन्हेगार असते. कार्डाचा ड्रायव्हर बदलला. मेमरीची तपासणी अख्खा दिवस चालवली, एक चूक नाही. रिकामं असलं की मशीन गुणी बाळासारखं चालतं. पलीकडे माणूस आला की हँग. कधी पाच सेकंद, कधी मिनिट, आणि आपलं आपण सुटतं. नोंदींमध्ये काही सापडत नाही.

ब्राउझर थांबला असला तरी आत कुठेतरी मेमरी हळूहळू खात राहतो, एवढं मात्र दिसलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज चांगलं अडकलं. मास्तरीणबाई मुलाशी बोलत होत्या. गणित शिकवायच्या, ब्याऐंशी वर्षांच्या, अजूनही समोरच्याची कॉलर नीट करतात. मुलगा परगावी असतो, नळाच्या सामानाचं दुकान आहे. बोलता बोलता तो थिजला आणि वीस मिनिटं सुटला नाही. माउस मेलेला, कीबोर्ड मेलेला. बाई शहाण्या विद्यार्थिनीसारख्या हात मांडीवर ठेवून वाट बघत होत्या.

शेवटी, अशा वेळीही चालतात ती तीन बटणं एकदम दाबून आज्ञांच्या काळ्या पडद्यावर गेलो आणि ब्राउझरला सरळ ‘किल’ची, म्हणजे मारून टाकायची, आज्ञा दिली. पट्कन बंद. मशीन लगेच ताळ्यावर. वेळ अकरा बेचाळीस. बाईंना म्हटलं, आता परत लावा फोन. त्यांनी लावला, मुलाने उचलला नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं असेल म्हणाल्या.

उपाय सापडला, याचा मला कोण आनंद! त्यांच्यासाठी एक छोटं बटणही करून दिलं मशीनशेजारी, माउस मेला तरी चालणारं. अडकलं की दाबा.

१४ सप्टेंबर, शनिवार

मास्तरीणबाईंचा मुलगा गेला. गुरुवारीच. दुकानात गल्ल्यामागे बसल्या बसल्या, फोन समोर डब्याला टेकवून ठेवलेला. हृदय बंद पडलं म्हणतात. पंचावन्न हे काय जायचं वय आहे?

बाई मला अंगणात भेटल्या. रडत नव्हत्या. त्यांनी विचारलं की ते अडकलं तेव्हा आपलं वाक्य पुरं झालं होतं का, त्याला ऐकू गेलं असेल का. मी हो म्हणालो. मला माहीत नव्हतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

शिंपीकाका. उजवा हात लुळा पडलाय, तरी डाव्या हाताने इथल्या सगळ्यांची बटणं लावून देतात. आज पुतणीशी बोलत होते. तिला त्यांनीच वाढवलं, लग्नाचे कपडेसुद्धा स्वतः शिवले. ती अडकली. मी आत गेलो तेव्हा काका मीच करून दिलेल्या बटणाकडे डावा हात नेत होते, पण ते त्यांच्या लुळ्या हाताच्या बाजूला होतं. मी म्हटलं, थांबा काका, मी दाबतो.

मी दाबलं.

आता सहा वाजलेत. पुतणीच्या नवऱ्याचा कार्यालयात फोन आला होता. पलीकडून तो माणूस नुसता ओरडत होता, मी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता तरी सगळं ऐकू येत होतं. ती स्वयंपाकघरात स्टुलावर ताठ बसून राहिली. पंधरा मिनिटं. श्वास चालू, नाडी चालू, डोळे उघडे, हाक मारली तर ओ नाही. तो पाणी मारत होता तोंडावर. डॉक्टरला फोन लावताना त्याने घड्याळाकडे पाहिलं, चार सव्वीस, आणि त्याच क्षणी ती खाली कोसळली. संपली. तीस वर्षांची होती.

मशीनची नोंद पाहिली. ब्राउझर ‘किल’ केल्याची वेळ: चार सव्वीस.

२० सप्टेंबर, शुक्रवार

योगायोग. हजारदा लिहिलं तरी योगायोगच. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझा नोंदींवर विश्वास आहे. आणि नोंद सांगते: बारा तारीख, अकरा बेचाळीस. मास्तरीणबाईंकडे मुलाच्या मृत्यूचा दाखला आला आहे. त्यात लिहिलंय, सुमारे पावणेबारा.

दुपारी भाऊजींना फोन केला. आडून आडून विचारलं, आठ तारखेला ताई माझ्याशी बोलत होती, तेव्हा मधे काही झालं होतं का. ते म्हणाले, आता विचारतोस म्हणून आठवलं. ती बोलायची थांबली म्हणून मी वर्तमानपत्र खाली केलं. कप तिरका झालेला, चहा मांडीवर सांडत होता आणि तिला पत्ता नाही. तीन हाका मारल्या. मग एकदम बोलायलाच लागली. वय झालं तिचं, म्हणून हसले.

म्हणजे अडकतं ते चित्र नाही. पलीकडचा माणूस अडकतो. मशीन आपलं आपण सुटलं तर तोही सुटतो, त्याला कळतही नाही. आणि मी बटण दाबलं तर—

दोन माणसं.

ते बटण काढून टाकलं. हात तीन वेळा धुतले. कशासाठी धुतले कुणास ठाऊक.

२३ सप्टेंबर, सोमवार

व्यवस्थापकांना सांगितलं. त्यांनी चष्म्याची काडी चावणं थांबवलं आणि मला दोन दिवस सुट्टी हवी आहे का विचारलं. मशीन फेकून द्या म्हटलं, तर वरून मंजुरी लागते म्हणाले. माणसं मरतायत म्हटलं, तर म्हणाले, हे निवासघर आहे, इथे मरणाच्या बातम्या नेहमीच येतात. आणि हे बाहेर कुठे बोलू नका.

थोरल्या सिस्टर हसल्या नाहीत. तीस वर्षं रुग्णसेवा केलेली बाई. त्यांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं की आधीचा तंत्रज्ञ शेवटचे दोन दिवस त्या मशीनसमोरून हलला नव्हता. जेवण तिथेच नेऊन द्यायच्या. पडद्यावर एक बाई होती, हसताना थांबलेली. त्याची बायको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडदा आपोआप रिकामा झाला आणि तो जमिनीवर बसला. सकाळी चाव्या टेबलावर.

मग मी त्याने मशीनला दिलेल्या आज्ञांची यादी काढली. मशीन ती जपून ठेवतं. एकच आज्ञा चारशे बारा वेळा: मेमरी किती उरली. चारशे बारा वेळा! ‘किल’ एकदाही नाही. त्याने मारलं नाही तिला. नोंदीत शेवटी मशीननेच लिहिलंय: मेमरी संपली, सर्वांत जड प्रोग्राम बंद केला.

ते असंच करतं. जागा संपली की सगळ्यात जास्त जागा अडवणारा प्रोग्राम निवडतं आणि स्वतः मारतं. आम्ही तंत्रज्ञ या सोयीचं कौतुक करतो.

२५ सप्टेंबर, बुधवार

मशीन धुऊनपुसून काढलं. यावर इथल्या लोकांनी आपल्या माणसांचे निरोप साठवून ठेवलेत, ते आधी कार्यालयाच्या डिस्कवर काढले. मग सगळं पुसून लिनक्स कोरं बसवलं, नवी मेमरी, नवी केबल. निरोप परत टाकले आणि डिस्क रिकामी करून कार्यालयाला दिली. मास्तरीणबाईंच्या मुलाचे एकूण एकवीस निरोप आहेत. त्या रोज एक ऐकतात.

१ ऑक्टोबर, मंगळवार

सहा दिवस मशीन चालू ठेवलंय, एकदाही अडकलं नाही. पण पलीकडे माणूस नाही ना! चाचणी कुणावर घेऊ? दारावर ‘मधलं मशीन नादुरुस्त, फक्त निरोप ऐकावेत’ अशी पाटी लावली आहे. व्यवस्थापकांचा तगादा आहे, निदान चालू तरी ठेवा, पाहणीला माणसं येतात.

गेले दोन रविवार ताईशी बोललो नाही. फोनवर तिने धारेवर धरलं. पंख फुटले का, म्हणे. मी काम आहे म्हणालो. तिला काय सांगू? सांगितलं तर पहिल्या गाडीने इथे येऊन उभी राहील.

६ ऑक्टोबर, रविवार

दहा वाजता मी अंगणात होतो. शिंपीकाका एका नव्या बाईंच्या कोटाचं बटण लावत होते, मी सुईत दोरा ओवून देत होतो. आतून ताईचा आवाज आला. माझ्या नावाने हाक.

लिंक. ती जुनी लिंक मी बंद केलीच नव्हती. सगळं कोरं केलं आणि लिंक तशीच परत बसवली, कारण ती दरवाजावर चिकटवलेली आहे, सगळ्यांकडे आहे, आणि मला वाटलं— मला काही वाटलंच नाही. विसरलो.

धावत गेलो. अडकायच्या आधी नीट बंद केलं तर काही होत नाही, शेकडो वेळा बंद झालंय. हात माउसवर होता. ताई म्हणत होती, दिसलास बाबा एकदाचा, ह्या पोराला मी काय—

दहा वाजून चार मिनिटं.

दहा वीसला भाऊजींचा फोन. मी ओरडलो, तिच्यासमोरचा फोन बंद करू नका, हात लावू नका, काहीही करू नका. ते म्हणाले, तुला कसं कळलं?

७ ऑक्टोबर, सोमवार

सुटलेली नाही. चोवीस तास झाले.

तिकडे तिला दवाखान्यात हलवलंय. श्वास आहे, नाडी आहे, डोळे उघडे, त्यात थेंब घालतात. डॉक्टर झटका म्हणतायत, पण तपासणीत काही दिसत नाही.

मशीनचा पडदा, माउस, कीबोर्ड सगळं मेलंय, पण आतून ते जिवंत आहे. खिडकीपाशीच्या मशीनवरून तारेतून आत शिरता येतं. तिथून बघतोय. ब्राउझर दर तासाला थोडी मेमरी खातो. आज दुपारी संपली असती. डिस्कवरची रिकामी जागा मेमरी म्हणून जोडून दिली. उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल.

भेटीच्या खोलीला आतून कुलूप लावलं आहे. थोरल्या सिस्टर खिडकीतून जेवण देतात. विचारत काही नाहीत. माझ्या खांद्यामागून त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, तुझ्यासारखंच नाक आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

भाऊजी म्हणाले, निघून ये. मी म्हटलं, येता येत नाही, मी हललो तर कोणीतरी हे बंद करेल.  ते म्हणाले, जिने तुला वाढवलं ती मरणाच्या दारात आहे आणि तू कॉम्प्युटर राखत बसलायस. फोन ठेवला.

त्यांचं चुकलं कुठे?

डिस्क भरत आली. जुन्या नोंदी पुसल्या. छपाईचे प्रोग्राम काढले, भाषा काढल्या, चित्रं काढली. उरले ते निरोप. सगळ्यात जास्त जागा त्यांचीच. कार्यालयाची डिस्कही परत देऊन बसलोय, आणि अडकलेलं मशीन आता नवी जोडणी ओळखत नाही. दुसऱ्या मशीनवर पाठवायला घेतले तर ताण येतो, ब्राउझरचा आकडा भराभर चढायला लागतो. दोनदा करून पाहिलं.

दुपारी चार वाजता पुसले. सगळे. कुणाच्या नातवाचं गाणं होतं, कुणाची वाढदिवसाची हाक. एकवीस निरोप त्या मुलाचे.

शुक्रवारपर्यंत पुरेल.

९ ऑक्टोबर, बुधवार

मास्तरीणबाई दारापाशी आल्या. आज बारावा ऐकायचा होता म्हणाल्या. मी दाराच्या आतून सांगितलं की मशीन बिघडलंय. किती वेळ लागेल, विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, बरं, मी बसते. बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

दीड तास बसल्या होत्या. मी उठून दार उघडलं नाही. दोन्ही खरं सांगायला हवं होतं, मुलाचंही आणि निरोपांचंही. 

ताईच्या कपाळावर एक बट आलीय. ती सारखी करावी असं फार वाटतं. पडदा पुसला. तेवढंच.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मशीनला आज्ञा दिली: मेमरी संपली तरी ब्राउझरला हात लावू नकोस, बाकी कुणालाही मार. त्याने ऐकलं. एकेक करून सगळे मारले. दुपारी, तारेतून मी ज्या प्रोग्रामने आत शिरत होतो तोही मारला. आता मेमरीचा आकडा दिसत नाही.

मारण्यासारखं दुसरं काही उरलं नाही की—

व्यवस्थापक दार ठोठावून गेले. उद्या दुपारी कुलूपवाला आणणार आहेत. त्याआधी मेमरीच संपेल, कुलूपवाल्याची गरज नाही लागायची.

भाऊजी फोन उचलत नाहीत.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी भाऊजींनी फोन केला. शांत होते. श्वास मंद झालाय म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मास्तरीणबाईंचा मुलगा, काकांची पुतणी, सगळं. ऐकून घेतलं. मग विचारलं, काहीच उपाय नाही?

एक आहे. करून पाहिलेला नाही.

ब्राउझरची खिडकी अडकली असली आणि लिंक दाबून नवा माणूस आत आला, तर ब्राउझरला सगळी खिडकी पुन्हा मांडावी लागते. चेहरे सरकवून जागा करावी लागते. त्या धक्क्याने कधीकधी सुटते. कधीकधी. दहातून एकदा. पण जो आत येईल तो—

कुणाला सांगू? भाऊजी म्हणाले मी येतो. मी नाही म्हटलं. तिच्या उशाशी कुणीतरी हवं.

दुपार, १.१०

पंख्याचा आवाज बदललाय. मशीनचा दिवा सारखा लुकलुकतोय. जागा संपत आली.

माझ्या फोनवर लिंक उघडून ठेवली आहे. फक्त दाबायची.

दाराबाहेर चिठ्ठी सरकवली, थोरल्या सिस्टरसाठी: कुणालाही काहीही बंद करू देऊ नका. मास्तरीणबाईंना सांगा, निरोप मी पुसले. मी. आणि त्या गुरुवारी त्यांचं वाक्य पुरं झालं होतं की नाही, मला माहीत नाही. शिंपीकाकांनाही सांगा. बटण मी दाबलं होतं.

१.२५

दाराबाहेर पावलं. दोन माणसं. व्यवस्थापकांचा आवाज. सिस्टर त्यांच्याशी भांडतायत, दारात आडव्या उभ्या राहिल्यात बहुतेक.

भीती वाटतेय. खूप. लिहीत राहतो म्हणजे हात चालू आहे की नाही ते कळेल—

१.३१

दाबली.

पडद्यावर ताईच्या शेजारी रिकामी चौकट आली. गोल फिरतंय. दार हादरतंय.

चौकटीत मी. दाढी वाढलेली, हातात पेन. अजून हलतोय. ताई तशीच— नाही, थांब, ती बट! बट हलली. पापणी खाली आली. ताई माझ्याकडे वळू